मेंदी काळी नसते

चाँदरातीला आपल्या मोहल्ल्यांतले बाजार उशिरापर्यंत जागे असतात. बांगड्या, अत्तर, शेवया आणि त्यांच्या शेजारी मेंदीच्या कोनांचे ढीग. लग्नसराईत तर मेंदीशिवाय घर लग्नघर वाटत नाही. नवरीच्या तळहातांवर मेंदी, आजीच्या पांढऱ्या केसांना मेंदी, आजोबांच्या दाढीला मेंदी, उन्हाळ्यात तळपायांची आग झाली तरी मेंदीच. पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द आपल्या घरांत विश्वासाने उच्चारला जातो. त्यामुळे पाकिटावर 'मेंदी' असे लिहिलेले दिसले की आपण ते उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचत नाही.

या विश्वासाच्या आडून गेली काही वर्षे एक वेगळीच वस्तू आपल्या घरांत शिरली आहे. कुणी तिला 'काळी मेंदी' म्हणतात, कुणी 'ब्लॅक हिना', कुणी 'इन्स्टंट कोन'. ती अर्ध्या तासात केस काळेभोर करते, तासाभरात हातावर काळी नक्षी उठवते, आणि अनेकांना कसलाही त्रास होत नाही. पण ज्यांना होतो, त्यांचा चेहरा सुजतो, डोळे मिटतात, कातडी सोलून निघते. चुकून ती पोटात गेली तर जीवही जातो. म्हणून या अंकात आम्ही एकच गोष्ट वाचक भगिनी-बांधवांपुढे नीट मांडणार आहोत: मेंदी काळी नसते. रंग काळा असेल तर त्यात मेंदीशिवाय दुसरे काहीतरी आहे, आणि त्या दुसऱ्या वस्तूचे नाव प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

मेंदीचा खरा रंग

मेंदी हे झुडूप आहे. शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. आपल्या देशात तिची सर्वांत मोठी शेती राजस्थानातील पाली जिल्ह्यात होते. तिथल्या सोजतच्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पाने वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून आपल्याकडे पूड येते.

या पानांत लॉसोन नावाचा रंगकण असतो. पूड पाण्यात किंवा लिंबाच्या रसात भिजवली की तो मोकळा होतो आणि आपल्या कातडीतल्या व केसांतल्या केरॅटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतो. हे काम सावकाश होते. म्हणून आपल्या आई-आजी मेंदी रात्रभर भिजवत आणि हातावर लावून रात्रभर ठेवत. सकाळी मेंदी झाडली की रंग आधी केशरी दिसतो. मग एक-दोन दिवसांत तो गडद होत तांबूस-तपकिरी होतो. पांढऱ्या केसांवर तो नारिंगी किंवा तांबडा चढतो. मेंदीच्या पानाची मजल इथपर्यंतच. कितीही चहा घाला, लवंगांची धुरी द्या, लोखंडी कढईत भिजवा, रंग थोडा गडद होईल. पण अर्ध्या तासात कोळशासारखा काळा रंग देणे या पानाच्या स्वभावातच नाही.

मग काळा रंग येतो कुठून?

तो येतो पॅरा-फिनिलिनडायमिन या रसायनातून. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळीकडे त्याला 'पीपीडी' म्हणतात. आपणही हे तीन अक्षरी नाव लक्षात ठेवू.

पीपीडीचा जन्म डांबरापासून रंग बनवण्याच्या उद्योगात झाला. 19व्या शतकाच्या अखेरीस युरोपात केस रंगवण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला आणि आजही जगातल्या बहुतेक पक्क्या काळ्या व गडद तपकिरी हेअर डायच्या मुळाशी पीपीडी किंवा त्याचे एखादे भावंड असते. त्याचे कण अतिशय लहान असतात, त्यामुळे ते केसाच्या आत सहज शिरतात. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या पदार्थाशी त्यांची प्रक्रिया होते, ते एकमेकांना जोडले जातात आणि मोठे काळे कण तयार होतात. हे मोठे कण केसातून बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग धुऊन जात नाही. या युक्तीवरच सगळा पक्का हेअर डाय उभा आहे.

बाटलीतल्या डायमध्ये दोन भाग वेगळे असतात, ते मिसळून लावायचे असतात. 'काळ्या मेंदी'च्या पाकिटात बहुधा सगळेच पुडीच्या रूपात एकत्र असते: थोडी मेंदीची पूड, पीपीडी, आणि बेरियम पेरॉक्साइड किंवा सोडियम परबोरेटसारखा प्राणवायू देणारा पदार्थ. त्यात फक्त पाणी घालायचे, की प्रक्रिया सुरू. म्हणून ती मेंदीसारखीच दिसते, मेंदीसारखीच कालवली जाते; फक्त रंग पीपीडीचा असतो. पाकिटावर हिरवे पान छापलेले असते, 'हर्बल' लिहिलेले असते, कधी 'अमोनिया-फ्री'ही लिहिलेले असते. अमोनिया नाही याचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही. या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. पीपीडी असलेला डाय जगभर कोट्यवधी लोक वापरतात आणि त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. युरोपीय संघात केसांना लावताना त्याचे प्रमाण 2 टक्क्यांहून जास्त नसावे असा नियम आहे. प्रमाण पाळले, सूचना पाळल्या, चाचणी घेतली तर धोका कमी होतो. आमची तक्रार वेगळी आहे. जी वस्तू सावधपणे हाताळायची, ती मेंदीच्या नावाने विकली जाते, आणि मेंदी म्हटल्यावर आपल्याकडे कुणी सावध राहत नाही.

अंगाने एकदा ओळखले की आयुष्यभर

पीपीडीमुळे होणारी अ‍ॅलर्जी विलक्षण फसवी आहे. पहिल्यांदा लावले, काही झाले नाही. दहा वेळा लावले, काही झाले नाही. मग अकराव्या वेळी डोके खाजू लागते. घरचे म्हणतात, 'इतकी वर्षे हेच लावतेस, त्याने कसे होईल?' पण ही अ‍ॅलर्जी अशीच येते. आधीच्या वेळांमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा त्या रसायनाची ओळख करून घेत असते. एकदा ओळख पटली की पुढे प्रत्येक वेळी ती त्याच्याविरुद्ध उठते. ही ओळख पुसण्याचे औषध नाही. ती आयुष्यभर राहते.

दुसरी फसवणूक वेळेची. त्रास लगेच होत नाही. बहुधा एक ते तीन दिवसांनी सुरू होतो. तोवर डाय लावल्याचे आपण विसरलेलो असतो आणि दोष कालच्या मासळीला किंवा नव्या साबणाला देतो. तिसरी फसवणूक जागेची. डोक्याची कातडी जाड असते, त्यामुळे तिथे नुसती खाज येते. पण पापण्या, कान, कपाळ, मान इथली नाजूक कातडी सुजते, लाल होते, पाणी सुटते. पुरुषांमध्ये दाढी-मिशीच्या जागी फोड येतात. काहींचे डोळे सुजून पूर्ण बंद होतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2006 मध्ये पीपीडीला त्या वर्षाचे 'लक्षवेधी अ‍ॅलर्जीकारक' ठरवले होते. आपल्या देशात त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलर्जी शोधण्यासाठी पाठीवर ज्या चिकटपट्ट्या लावतात, त्या नेहमीच्या संचातही पीपीडी असते.

आणखी एक त्रास हळूहळू येतो आणि बायकांना फार छळतो. कपाळ, कानांच्या पुढचा भाग, गाल आणि मान काळवंडत जातात. ना खाज, ना फोड, नुसता काळपटपणा. मग गोरे करणाऱ्या क्रीमचा शोध सुरू होतो आणि एका रसायनावर दुसरे रसायन चढते. काही जणांना उलट पांढरे डाग पडतात. आमच्या ज्या भगिनींच्या चेहऱ्यावर केस रंगवायला लागल्यानंतर असा बदल झाला असेल, त्यांनी डॉक्टरांना आपण डाय लावतो हे आवर्जून सांगावे. न विचारता सांगावे.

ज्याला पीपीडीची अ‍ॅलर्जी झाली, त्याला तिच्या जातीतल्या इतर काही वस्तूंचाही त्रास होऊ शकतो. घसा किंवा कातडी बधिर करणाऱ्या काही औषधांतले बेंझोकेन ही त्यातली एक. सिंथेटिक कापडाचे काही गडद रंगही त्यात येतात. म्हणून काही जणांना गडद रंगाचा बुरखा, पायमोजे किंवा अस्तर अंगाला लागले तरी पुरळ उठते. म्हणजे अर्ध्या तासाच्या काळ्या रंगाची किंमत पुढे कपड्यांपर्यंत आणि औषधांपर्यंत मोजावी लागते.

मुलांच्या हातावरची काळी नक्षी

केसांपेक्षाही जास्त काळजी आम्हाला मुलांच्या हातांची वाटते. जत्रेत, उरुसात, मॉलमध्ये, लग्नाच्या हॉलबाहेर पाच-दहा मिनिटांत काळी नक्षी काढून देणारे बसलेले असतात. मुले हौसेने हात पुढे करतात. झटपट काळी उठणारी ही नक्षी बहुधा पीपीडीची असते. इथे ते पातळ करून केसांना लावून धुऊन टाकलेले नसते. ते थेट कातडीवर, दाट, आणि तासन्‌तास राहते. त्यात किती टक्के काय आहे, हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसते.

म्हणूनच युरोपीय संघात पीपीडीला फक्त केसांसाठी परवानगी आहे, कातडीसाठी नाही. तिथे हेअर डायच्या खोक्यांवर असा इशारा छापावा लागतो की हे उत्पादन 16 वर्षांखालील मुलांसाठी नाही आणि काळ्या मेंदीच्या तात्पुरत्या गोंदणामुळे अ‍ॅलर्जीचा धोका वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही कातडीवरच्या काळ्या मेंदीबद्दल लोकांना सावध केले आहे. लहानपणी हातावर काढलेल्या एका नक्षीने शरीराला पीपीडीची ओळख होते, नक्षीच्या आकाराचेच फोड उठतात, कधी त्याच आकाराचा व्रण राहतो. आणि तेच मूल पंचवीस-तीस वर्षांनी पहिला पांढरा केस लपवायला डाय लावते तेव्हा चेहरा सुजून दवाखान्यात पोहोचते.

एका पापणीची किंमत

या रसायनाचा इतिहास जुना आहे. 1933 मध्ये अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या-भुवया रंगवण्याचा रंग विकला जात होता. त्यात पीपीडी होते. तो लावून घेतलेल्या एका स्त्रीची दृष्टी कायमची गेली, आणखी काही जणींच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, एकीचा मृत्यू झाला. त्या वेळच्या सरकारकडे असा माल बाजारातून उचलण्याचा अधिकारच नव्हता, कारण तेव्हाचा कायदा सौंदर्यप्रसाधनांना लागू नव्हता. 1938 मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला, त्यामागे जी प्रकरणे होती त्यांत हे एक ठळक प्रकरण होते.

आपल्या देशातही नियम आहे. पीपीडीसारखे रंग असलेल्या हेअर डायच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही वेष्टनांवर, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, इशारा छापणे बंधनकारक आहे. इशाऱ्याचा आशय असा: यातील घटकांमुळे काहींच्या कातडीला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी करावी, पापण्या किंवा भुवया रंगवण्यासाठी वापरू नये, अंधत्व येऊ शकते. आपल्या घरातले पाकीट आज काढून पाहा. हा इशारा असेल तर ती मेंदी नाही, हेअर डाय आहे. आणि रंग काळा असून इशारा नसेल, घटकांची यादी नसेल, उत्पादकाचा पत्ता नसेल, तर ते पाकीट घरात ठेवण्याच्या लायकीचे नाही.

पोटात गेले तर

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो. पण लिहिणे भाग आहे, कारण यात आपल्याच लेकरांचा जीव आहे.

पीपीडी तोंडावाटे पोटात गेले तर ते जालीम विष आहे. सुदानमध्ये मेंदीत पीपीडीचे खडे कुटून घालण्याची रीत पडली, म्हणजे नवरीच्या हातापायांवर रंग लवकर आणि काळा चढतो. ते घराघरांत पोहोचले आणि मुलांच्या हाती लागले. खार्टूममधील डॉक्टरांनी 1992 मध्ये अशा 31 मुलांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. चेहरा आणि मान सुजून श्वासाची वाट बंद होत असल्याने अनेकांच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागली, आणि बरीच मुले पहिल्या दिवसातच दगावली. मोरोक्कोत 'तकाउत' नावाने विकल्या जाणाऱ्या रंगाचीही हीच कथा. मूळ तकाउत झाडावरच्या गाठींपासून मिळत असे. पुढे त्याच नावाने पीपीडी विकले जाऊ लागले. नाव झाडाचे, माल रसायनाचा. आपल्याकडेही तेच झाले आहे. भारतातल्या अनेक राज्यांतील रुग्णालयांनी हेअर डायच्या विषबाधेचे रुग्ण नोंदवले आहेत, आणि त्यांत तरुण मुली व नव्या सुना मोठ्या संख्येने आहेत.

लक्षणे ओळखून ठेवावीत. काही तासांत चेहरा, जीभ, मान सुजते आणि श्वास अडतो. मग स्नायू कडक होतात, दुखतात, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. स्नायू विरघळून त्यांचे घटक मूत्रपिंडांत अडकतात आणि मूत्रपिंडे बंद पडू लागतात. हृदयावरही परिणाम होतो. या विषावर नेमका उतारा नाही. जीव वाचतो तो वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोहोचल्याने. म्हणून चुकून किंवा जाणूनबुजून कुणाच्या पोटात हा रंग गेला तर उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये, झाडपाल्यात वेळ घालवू नये. 108 ला फोन करून, पाकीट सोबत घेऊन, लगेच रुग्णालय गाठावे. माणूस बरा दिसत असला तरी गाठावे. सूज नंतर येते.

घरात कुणी गप्प गप्प राहू लागले, जगण्याचा कंटाळा आला असे बोलू लागले, तर त्याला दटावू नका. जवळ बसा, ऐकून घ्या. सरकारच्या 'टेली-मानस' या 14416 क्रमांकावर फोन करून मराठीतही मदत मिळते. आणि हेअर डाय, फिनेल, उंदराचे औषध या वस्तू उघड्या फळीवर ठेवू नका, कुलपात ठेवा.

दीन काय शिकवतो

केस रंगवण्याला आपल्या दीनमध्ये मनाई नाही. मक्काविजयाच्या दिवशी ह. अबू बक्र (रजि.) यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आणले गेले, तेव्हा त्यांचे केस-दाढी पांढरीशुभ्र होती. हा पांढरेपणा बदला, पण काळा रंग टाळा, अशा आशयाचे मार्गदर्शन प्रेषितांनी (स.) केल्याचे हदीसमध्ये आले आहे. मेंदी आणि कतम या वनस्पतींना केसांसाठी उत्तम रंग म्हटल्याचेही हदीसमध्ये आढळते. कतम ही येमेनकडे होणारी गडद रंग देणारी वनस्पती. काळ्या रंगाच्या हुकमाबद्दल उलेमांमध्ये मतांचा तपशील वेगवेगळा आहे. तो प्रश्न आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावा. आम्ही इथे फतवा देत नाही.

पण एका गोष्टीवर कुणाचाच मतभेद नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा पोहोचवू नये हा फिक्हमधला पायाभूत नियम आहे. ज्याला डॉक्टरांनी पीपीडीची अ‍ॅलर्जी सांगितली, त्याने हौसेखातर पुन्हा तोच रंग लावणे हा त्या अमानतीशी खेळ आहे.

विकणाऱ्यांसाठीही सांगावेसे वाटते. बाजारातून जाताना प्रेषितांनी (स.) धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. वर कोरडे, आत ओले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला मानले नाही. आज पुढे मेंदीचे हिरवे पान आणि मागे वाचता न येणारी अक्षरे, हा त्याच ढिगाचा नवा नमुना आहे. आपल्या समाजात मेंदीचा, कोनांचा आणि सौंदर्यप्रसाधनांचा व्यापार करणारे खूप आहेत. त्यांनी ग्राहकाला 'यात पीपीडी आहे, चाचणी करून लावा' एवढे एक वाक्य सांगितले, तर त्यांची रोजी अधिक पाक होईल.

रंग लावणाऱ्यांचे हात

आणखी एका गटाला आपण विसरतो. केशकर्तनालयात काम करणारे आपले भाऊ आणि घरी पार्लर चालवणाऱ्या भगिनी. आपण महिन्यातून एकदा रंग लावतो. त्यांचे हात रोज अनेकदा त्यात बुडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात केशकर्तनाच्या व्यवसायातील संपर्क 'बहुधा कर्ककारक' या गटात ठेवला. घरी स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबद्दल मात्र असा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा तिला पुरेसा वाटला नाही. म्हणजे घाबरायचे कारण ग्राहकाला कमी आणि कारागिराला जास्त. शिवाय बोटांच्या सततच्या खाजेमुळे आणि भेगांमुळे कुणाला धंदाच सोडावा लागला, तर घराची चूल अडते. प्रत्येक वेळी नवे हातमोजे, रंग कालवताना उघडी खिडकी आणि रंग लावलेले केस कापण्याऐवजी आधी कापून मग रंग लावणे, एवढ्या तीन सवयींनी हा संपर्क बराच कमी होतो.

मग करायचे काय?

पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांच्या यादीत पीपीडी, पॅरा-फिनिलिनडायमिन, 1,4-डायमिनोबेंझिन किंवा सीआय 76060 यांपैकी काही असेल तर तो हेअर डाय आहे. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलांकडून वाचून घ्या. त्यांचेही शिक्षण होईल.

डाय वापरायचाच असेल तर दर वेळी चाचणी करा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला साबणाने धुऊन, तयार रंगाचा लहानसा ठिपका लावा आणि वाळू द्या. पाकिटावर 24 तास लिहिलेले असले तरी आणखी एक दिवस थांबणे शहाणपणाचे. खाज, लाली, सूज आली तर तो रंग तुमच्यासाठी नाही. आधी कधी डायचा किंवा काळ्या नक्षीचा त्रास झाला असेल तर घरी चाचणीही करू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. भुवया आणि पापण्यांना हा रंग कधीही लावू नका.

शुद्ध मेंदी ओळखा. तिला वाळल्या गवतासारखा वास असतो, रंग आधी केशरी येतो. कालवलेली खरी मेंदी काही दिवसांत उतरते, म्हणून महिनोन्‌महिने दुकानात पडून राहिलेला आणि अर्ध्या तासात काळा रंग देणारा कोन हातावर घेऊ नका. घरी पूड आणून कोन भरण्याची जुनी रीत कष्टाची आहे खरी, पण चाँदरातीला चार जणी एकत्र बसल्या की ते काम राहत नाही, मजा होते.

केस काळसर हवे असतील तर नीळ आहे. आधी शुद्ध मेंदी लावून दोन-तीन तासांनी धुवा. मग नीळ झाडाच्या पानांची शुद्ध पूड कोमट पाण्यात कालवून, वेळ न घालवता लावा आणि तास-दोन तासांनी धुवा. रंग पुढच्या एक-दोन दिवसांत हवेने गडद होतो. पाकिटात फक्त निळीची पाने आहेत ना, हे इथेही वाचून घ्या, आणि झाडाच्या रंगाचीही आधी छोटी चाचणी करा.

तान्ह्या बाळांना शुद्ध मेंदीसुद्धा लावू नका. जी6पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये मेंदीतल्या लॉसोनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. बाळाच्या शगुनासाठी मेंदीची गरज नाही, आईची दुआ पुरेशी आहे.

डाय लावल्यावर जळजळ झाली तर भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुऊन काढा, घासू नका. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थांबू नका, रुग्णालयात जा.

पांढरा केस हा काही अपराध नाही की तो लपवण्यासाठी जीव धोक्यात घालावा. ज्यांना रंगवायचे त्यांनी रंगवावे, आवडीने रंगवावे. पण आपण काय लावतो आहोत हे जाणून रंगवावे. आणि येत्या लग्नात कुणी 'काळी मेंदी आणू, लवकर चढते' असे म्हणाले, तर घरातल्या एकीने तरी एवढे म्हणावे, मेंदी काळी नसते. नवरीच्या हातावर तांबूस रंग चढायला रात्र लागते. ती रात्र तिच्या हातांना मिळू द्या.